उरतील ते आपले

अहो,

डब्यात भाकरी अन् पिठलं ठेवलंय, जेवून घ्या. मी अंबिकेला घेऊन करमाडच्या शाळेत चालले. तिथल्या बाई काल दुपारी घरी आल्या होत्या, आमचा चिंचोक्यांचा खेळ पाहून त्यांनी आम्हा मायलेकींना तो पोरांना दाखवायला बोलावलंय. काल सांगणार होते, पण तुम्ही वह्या तपासत होता.

मागल्या आठवड्यात तुम्ही तिला म्हणालात, "गणिताच्या मास्तराची लेक, अन् भागाकार येईना!" तेव्हापासून ती तुमच्यासमोर वही उघडत नाय. म्हणून मी पुठ्ठ्यावर पट आखला. सोंगटी ज्या आकड्यावर थांबेल तितक्या वाट्या मांडायच्या, मूठभर चिंचोके त्यांत सारखे वाटायचे, उरतील ते आपले. चार दिवस पोरगी हरली. काल सोंगटी पाचावर थांबली अन् सासूबाईंनी तेवीस चिंचोके काढले, तर वाट्यांना हात न लावताच म्हणाली, "पाचांत चार-चार, उरले तीन!"

सासूबाई म्हणाल्या, "लई हुशार गं माझी बाय!" मी सातवी शिकलेली, पण काल मला आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळच्या बसनं येऊ. आल्यावर तिच्याशी एक डाव खेळा. मुद्दाम हरू मात्र नका, तिला ते चालायचं नाय.

कालिंदी