मावशीची मेथी: उगवण चौऱ्याण्णव टक्के

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कागदावर घालायचा आहे म्हणून साष्टांग; समोर आले की कंबर धरल्याचं निमित्त सांगीन.) तुझे गुडघे, तुझं शिलाई मशीन आणि तुझा रक्तदाब, तिघांची तब्येत कळव, आणि त्यातलं सध्या कोण जास्त कुरकुरतं तेही. फोन करायचा सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला "अगं ऐक" एवढंच बोलू देतेस आणि पुढचं सगळं तूच बोलतेस. तुझं पत्र पोचलं. चार पानं माझ्या औषधपाण्यावर आणि शेवटी, सहीच्याही खाली, कोपऱ्यात एक ओळ: पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण मला पाठवलास तोच काढा तूही घ्यायला लागलीस आणि गेल्या महिन्यात तुझं पुन्हा सुरू झालं, बघ काय गुण आहे मुळ्यांत. ती ओळ मी किती वेळा वाचली, मोजलं नाही. मला तिच्याकडेच यायचंय, पण वळसा घालून येते, कारण वाटेत एक कबुली द्यायची आहे.

तर तुझं पार्सल. मला पीसीओएस आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं (अंडाशयात पाण्याचे बारीक बारीक फोड, पाळी तिच्या मर्जीने, आणि हनुवटीवर न मागितलेले केस), ते मी आईला सांगितलं, आईने "कुणाला बोलू नकोस" असं बजावून तुला सांगितलं, आणि आठव्या दिवशी पार्सल दारात. सात पिशव्या, प्रत्येक वेगळ्या कापडाच्या उरलेल्या तुकड्याची, चारही बाजूंनी दुहेरी टीप मारून बंद. (पूड पळून जाईल अशी भीती होती का तुला?) सोबत यादी: पट्ट्यांची ती मेथी, ठिपक्यांची ती जवस, निळी ती दालचिनी, पांढरी ती शतावरी, हिरवी ती पुदिन्याची पानं, अशा सहा. आणि मापं सगळी अंगुस्तानात, सुई टोचू नये म्हणून तू बोटात घालतेस त्या टोपीत. सकाळी दीड अंगुस्तान हे, रात्री अर्धं अंगुस्तान ते. मावशी, आमच्या घरी अंगुस्तान नाही. आमच्याकडे बटण तुटलं की शर्ट बदलतात. शिवाय सातव्या, फुलाफुलांच्या पिशवीचा यादीत पत्ताच नव्हता. म्हटलं, मी कामाला आहे त्या बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत नेऊन भिंगाखाली बघू, आणि तिथेच चुकलं.

आमच्याकडे बियाणं तपासायला येतं ते कापडी पिशवीत, तोंड शिवून. मी तुझ्या पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि हात धुवायला गेले. आवक घेणारे आमचे कारकून म्हणजे शिस्तीचा माणूस. टेबलावर शिवलेली पिशवी दिसली की तिला नंबर पडलाच पाहिजे. पाठवणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी कशी ठेवायची, म्हणून त्यांनी पिशवीवरची पेन्सिल वाचून "मावशी" असं लिहिलं. मला कळेपर्यंत तुझी मेथी शंभर-शंभर दाण्यांच्या चार संचांत ओल्या कागदात गुंडाळून उगवणीच्या कपाटात गेलेली. नियमाप्रमाणे बाकीच्या पिशव्याही गेल्या. दोन आठवड्यांनी रीतसर अहवाल आला: मेथी, उगवण चौऱ्याण्णव टक्के, उत्तम. जवस, एक्याऐंशी. दालचिनीची पूड, शून्य; पाठवणाऱ्यास समज द्यावी. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "या मावशी कोण? मेथी झकास आहे, पण दालचिनीची पूड पेरून त्यांना काय उगवायचं होतं?" मी म्हटलं, "भाची." साहेबांना काही कळलं नाही, आणि तेच बरं झालं.

उरलंसुरलं घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. वाटलं, हसतील नाहीतर रागावतील. त्यांनी एकेक पिशवी उघडून वास घेतला आणि न उसवलेल्या तीन बाजूंवरच्या तुझ्या टिपेचं कौतुक केलं. म्हणाल्या, दालचिनी, मेथी, पुदिना यांच्यावर थोडाफार अभ्यास झालाय, काही ठिकाणी जरासा फायदा दिसलाय, पण छोट्या छोट्या गटांत. स्वयंपाकात घालतो तेवढं खायला हरकत नाही, गोळ्या मात्र त्यासाठी बंद करायच्या नाहीत. शतावरीबद्दल म्हणाल्या, मला पुरेसं माहीत नाही. (डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्यावर माझा विश्वास जास्तच बसला.) फुलाफुलांची पिशवी निघाली ज्येष्ठमधाची, रक्तदाब असेल तर रोज घेऊ नये म्हणाल्या, तेव्हा कान उघडे ठेव. पुदिन्याचा चहा मी घेतला, आमच्या ह्यांनीही मला सोबत म्हणून दोन महिने घेतला. त्याने पुरुषी संप्रेरकं थोडी उतरत असावीत, असं बाईंनी सांगितल्याचं कळल्यावर ह्यांनी हातातला कप अर्धा ठेवला आणि तेव्हापासून रोज सकाळी आरशासमोर जास्त वेळ उभे असतात.

आता कबुली. तू फोनवर विचारलंस, "घेतेस ना? फरक पडला?" आणि मी म्हटलं, हो मावशी, तुझ्या काढ्याने सगळं वेळेवर आलं. खोटं बोलले. वेळेवर आलं ते गोळ्यांनी. तुझी मेथी तर तेव्हा ओल्या कागदात कोंब काढत होती. पण तू सात पिशव्यांना चारही बाजूंनी टीप मारलीस आणि त्या मी पोटात न घालता कपाटात घातल्या, हे सांगवेना. माझ्या त्या एका शब्दावर भरवसा ठेवून तू स्वतः काढा सुरू केलास, आणि आता जे होतंय त्याला गुण म्हणतेस. मी दिवसभर दाणे मोजते, मावशी. चारशे दाणे मोजल्याशिवाय आम्ही कुठल्या बियाण्याला चांगलं म्हणत नाही, आणि तुला मात्र मी एकही दाणा न मोजता गुण आला म्हणून सांगून मोकळी झाले. याची मला लाज वाटते. आणि भीतीही वाटते.

काकांना नमस्कार. मशीनला तेल घाल.

तुझी,
भाची

ता. क. पिशव्या आता पाठवू नकोस. पाठवायचंच तर ते अंगुस्तान पाठव.

ता. क. दुसरा: कोपऱ्यातली ती ओळ मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर तो कुठल्याच औषधाचा गुण समजायचा नाही, लगेच तपासायचं. बऱ्याचदा साधंच काही निघतं, पण बघितल्याशिवाय साधं म्हणता येत नाही. येत्या गुरुवारी अकराची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. माझी नाही, तुझी.

ता. क. तिसरा: सोबतच्या पट्ट्यांच्या पिशवीत पूड नाही. तुझीच रिकामी झालेली पिशवी, चारही बाजूंनी हाताने शिवली आहे, टाके वाकडे आहेत, हसू नकोस. उसवलीस की आत बुधवारच्या गाडीचं तिकीट निघेल. मी स्टेशनवर उभी असेन.