माझ्या कुकीज कोण करपवतंय?

४ फेब्रुवारी

परत कडक! सगळा ट्रे वाया. खालून काळ्या, वरून दगड. दुकानात विकायला द्यायच्या होत्या, आता कॉफीवालीला काय तोंड दाखवू? मुलाला म्हटलं, तिला फोन करून सांग, आज कुकीज नाहीत.

हे कसं होतं तेच कळत नाही. माझ्या कुकीज म्हणजे कडा सोनेरी आणि मधला भाग कच्चा वाटेल असा. तशाच बाहेर काढायच्या. गरम ट्रेवर पडल्या पडल्या त्या आपल्या आपण होतात, म्हणून तर मऊ राहतात आणि दाताला जराशा चिकटतात. ओव्हनचं घड्याळ मी जन्मात लावलं नाही. ट्रे आत सारायचा, मधल्या खोलीत पेपर घेऊन बसायचं, लोण्याचा नि साखरेचा वास दारापर्यंत आला की उठायचं. इतकी वर्षं एकदा चूक नाही.

ओव्हन तोच, हात तेच, पीठ रात्रभर फ्रीजमध्ये मुरवते तेही तसंच. मग बदललं काय? सून बदलली. म्हणजे आता कामावर जात नाही, दिवसभर घरात असते. नववा महिना आहे, आराम करावा. पण ती सारखी ओव्हनपाशी घुटमळते.

६ फेब्रुवारी

ओव्हनचं बटण कुणीतरी फिरवतंय. माझी खात्री आहे. आज त्याच्यावर मुद्दाम पिठाचं बोट ओढून ठेवलं. हात लागला तर पुसलं जाईल!

संध्याकाळी: पुसलेलं. लख्ख.

मुलगा म्हणतो, “आई, मीच पुसलं. सांडलंय वाटलं.” हा कधीपासून ओट्याची साफसफाई करायला लागला? स्वतःचा चहाचा कप उचलत नाही. बायकोवर येऊ नये म्हणून अंगावर घेतो झालं.

९ फेब्रुवारी

सापडलं! स्वयंपाकघराची खिडकी. मी ट्रे आत ठेवून पेपर घेऊन बसले, आणि इकडे हिने खिडकी सताड उघडली. वास सगळा रस्त्यावर जातोय, माझ्यापर्यंत काय पोचणार, कपाळ!

विचारलं तर म्हणे, “लोण्याच्या वासाने मळमळतं हो, आई.” नवव्या महिन्यात कसली मळमळ? मला तर नव्हती. पण बोलले नाही. पोटुशी बाईला बोलू नये एवढं मला कळतं.

तिचा डाव काय आहे तो मला दिसतो आहे. बाळ आलं की स्वयंपाकघर तिला आपल्या ताब्यात पाहिजे. घ्यावं तिने, भाजी करावी, पोळ्या कराव्यात. ओव्हन माझा आहे. हे गेले त्यानंतर या घरात माझं म्हणून तेवढंच उरलंय. कॉफीवालीच्या दुकानात काचेच्या बरणीत माझ्या कुकीज असतात, लोक मुद्दाम त्यासाठी येतात. ते गेलं की मी कोण? कोपऱ्यात बसलेली म्हातारी.

१० फेब्रुवारी

खिडकीला आतून दोरी बांधली. सून दोरीकडे बघून काही बोलली नाही. न बोलणं हे जास्त संशयाचं.

१२ फेब्रुवारी

आता व्हॅनिला! नवी बाटली उघडून नाकाशी धरली. नुसतं पाणी. तडक दुकानात गेले. म्हटलं, रंग घातलेलं पाणी विकता का लोकांना? दुकानदाराने झाकण काढलं, हुंगलं आणि माझ्याकडे असा बघायला लागला जसं मीच काही चोरलंय. “आजी, अर्ध्या दुकानात वास पसरला की.” आजी म्हणाला मला! गेल्या महिन्यापर्यंत काकू होते.

घरी येताना डोक्यात आलं की किराणा सूनच फोनवरून मागवते. तिची नि याची चांगली ओळख आहे. आपण मात्र घरातच राहून बाहेरचे.

भेसळीला एकच उपाय. पिठात व्हॅनिला दुप्पट ओतलं. मग थोडं आणखी.

१५ फेब्रुवारी

कॉफीवालीचा फोन. आधी दोन मिनिटं हवापाण्याच्या गप्पा, तेव्हाच ओळखलं की तक्रार येतेय. “काकू, राग मानू नका, पण व्हॅनिला जरा हात सैल सोडून पडलंय का? एक गिऱ्हाईक म्हणालं, अत्तर खाल्ल्यासारखं वाटतं.”

मग ती माझी समजूत काढायला म्हणाली, “त्याच्या आधीच्या मात्र अगदी झकास होत्या हं. बरणी संध्याकाळच्या आत रिकामी.”

आधीच्या? आधीच्या म्हणजे करपलेल्या! त्या मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकल्या होत्या. मग हिच्या दुकानात काय पोचलं? कुणी पोचवलं?

फ्रीजमध्ये मुरत ठेवलेल्या पिठाचे गोळे कमी वाटले होते मला तेव्हा. मला वाटलं मुलाने कच्चेच खाल्ले, लहानपणी खायचा. तर हिने माझ्या पिठाच्या कुकीज माझ्याच ओव्हनमध्ये भाजल्या, माझ्याच नावावर धाडल्या! मी देवळात गेले होते की काय त्या वेळी, कुणास ठाऊक. आणि त्या झकास.

खूप रडले आज. कुणाला दाखवलं नाही.

१६ फेब्रुवारी

सून बोलत नाही. मीही नाही. मुलगा दोघींच्या मध्ये मिठाची वाटी इकडून तिकडे करतोय.

१९ फेब्रुवारी

रंगेहाथ पकडलं.

ट्रे आत ठेवला आणि झोपल्याचं सोंग घेऊन मधल्या खोलीत आडवी झाले, तोंडावर पेपर. थोड्या वेळाने पावलं वाजली. जड झालीय बिचारी, हळू चालायचं म्हटलं तरी ऐकू येतं. ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज. मी उठून उंबऱ्यात उभी! तिच्या हातात माझा ट्रे.

“ठेव तो,” म्हटलं.

“आई, करपायला लागल्या होत्या. घरभर वास सुटलाय.”

“मी शेजारच्या खोलीत होते. मला नाही आला तो वास?”

तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, ते मला आणखीच नाटकी वाटलं. “आई, तुम्हाला खरंच—”

“माझ्या कामात नाक खुपसू नकोस,” म्हटलं, आणि तिचं वाक्य तिथेच तोडलं.

मुलगा धावत आला. त्याचं तिसरंच. “आई, त्या तापानंतर तू जरा... एकदा डॉक्टरांना दाखवू या का?” अच्छा! म्हणजे आता मी आजारी. ताप दिवाणखान्यातल्या पाहुण्यासारखा आला नि गेला, त्याला महिना होऊन गेला. कुकीज ह्यांनी बिघडवायच्या आणि डॉक्टरकडे मी जायचं. आधी ओव्हन घेतील, मग मला वेडी ठरवतील.

२० फेब्रुवारी

सुनेने बाहेर काढलेला तो ट्रे तसाच होता. कुणी बघत नाही बघून एक उचलली. मधोमध वाकवली तर तुटली नाही, वाकली. कडा सोनेरी. खोटं का बोलू, वेळ अचूक साधली होती तिने.

चव काहीच नाही. नुसतं गोड. चॉकलेटसुद्धा हल्ली भेसळीचं येतंय.

२२ फेब्रुवारी

सुनेला पहाटे कळा सुरू झाल्या. मुलगा तिला घेऊन गेला. जाताना ती माझ्या पाया पडायला वाकायला लागली, मी तिला धरलं. हात थंडगार होते तिचे. भांडणानंतर दोन दिवस धड जेवली नव्हती. काही कमीजास्त झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

घरात एकटं बसवेना, म्हणून पीठ काढलं. म्हटलं हॉस्पिटलात नर्सना द्यायला होतील. खिडकी बंद, दोरी बांधलेली, घरात दुसरं माणूस नाही. आज बघू कोण करपवतंय. पेपर घेऊन बसले.

तेवढ्यात दार धडाधडा वाजलं. वरच्या मजल्यावरचे शिंपी. “काकू, काय जळतंय? जिन्यात उभं राहवत नाही!” आत जाऊन बघते तर ओव्हनमधून धूर.

खिडकी बंद, दार बंद. मग वास वरच्या मजल्यावर कसा गेला? मला आधी न येता त्याला कसा आला? हा माणूस दाराला कान लावून बसतो की काय!

संध्याकाळी फोन आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. देवा.

२५ फेब्रुवारी

नात घरी आली. सुनेने आपण होऊन तिला माझ्या मांडीवर दिलं. मी डोळे मिटून तिच्या टाळूला नाक लावलं. मुलाच्या वेळी तशीच बसून राहायचे, उठवत नसे. काही नाही. पुन्हा लावलं. मानेपाशी, मुठीपाशी. काहीच नाही.

डोळे उघडले तर सून माझ्याकडेच बघत होती. तिला केव्हाचं माहीत होतं.

म्हटलं, “कसा येतो गं हिचा वास? सांग मला.”

ती जवळ सरकली, बाळावर वाकली. “दुधाचा, आई. थोडा गरम कपड्यासारखा.”

“अजून सांग,” म्हटलं.