ओजसची भिंत

रविवार, ५ जानेवारी

पुलाखालची भिंत आज अर्धी पांढरी झाली! भाजी घेऊन येत होते, तर निर्मळ परिसर मंचाची मंडळी रोलर घेऊन हजर. सगळी आमच्याच रहाटणीतल्या सोसायट्यांमधली. टोप्या, टी-शर्ट, फोटो. पोरांनी स्प्रेने काढलेला वाघ गेला, हेडफोन लावलेला म्हातारा गेला. माझ्या ओजसने काढलेलं चित्र पार पलीकडच्या टोकाला, म्हणून वाचलं. पुढच्या रविवारी त्याची पाळी.

ह्यांना सांगितलं. "भिंतच आहे ती, नीलिमा," म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. चाकणच्या कंपनीतून येताना ओजस बाईकच्या अपघातात गेला, त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून त्याचं नाव ह्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. मुलगा होता की नाही ह्यांना!

सोमवार, ६ जानेवारी

ते चित्र माझंच आहे. त्याने काढलं तेव्हा केवढी चिडले होते! मेथी निवडता निवडता खुर्चीत डोळा लागलाय, चष्मा नाकावर घसरलाय, तोंड उघडं, एक चप्पल पायातून गळून लांब जाऊन पडलीय. सगळं काळं-करडं, फक्त मांडीवरची मेथी हिरवीगार.

"अख्खी रहाटणी माझं उघडं तोंड बघणार, मेल्या!" असं म्हणाले होते. आता तो शब्द तोंडात येत नाही. तो हसला नुसता. "आई, जागी असलीस की तू पोज देतेस. ही खरी तू."

फोटो माझे ढीगभर आहेत. पण त्याला मी कशी दिसायचे ते फक्त त्या भिंतीवर आहे. ते पुसलं तर मी काय करू?

बुधवार, ८ जानेवारी

दिव्या आली होती. ओजसबरोबर भिंती रंगवायची ती, आता तळवड्याला नोकरीला आहे. "काकू, पुनावळ्याचं पण पुसलं. ते पुसतात, आम्ही परत काढतो, त्याचं काही नाही. पण ओजसचं परत कोण काढणार?" दोघी रडलो. मग तिनेच पोहे केले.

शुक्रवार, १० जानेवारी

उद्धवरावांकडे गेले — मंचाचे अध्यक्ष, मूळचे रहाटणीचेच. माणूस वाईट नाही. पण — "वैनी, तुमचं दुःख आमाला कळत न्हाई व्हय? पर एक ठेवलं की उद्या धा जण येत्यात. कुनी बाप काढलाय, कुनी मैत्रीन."

हात जोडले मी. ह्या वयात, त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टसमोर, लोक बघत असताना! ते ओशाळले. "बघतो," म्हणाले.

रविवार, १२ जानेवारी

रोलर आले नाहीत.

मंगळवार, १४ जानेवारी

चित्र राहणार! मंचाच्या सेक्रेटरी कुसुमताई तिळगूळ द्यायला आल्या, त्यांनीच सांगितलं. "पुसत नाही गं, उलट नीट करून घेतोय. रंग किती उडालाय! सव्वीस जानेवारीला कार्यक्रमच करू." मी त्यांना मिठी मारली. रडू आवरेना.

ह्यांना सांगितलं. नुसतं "हं."

शनिवार, २५ जानेवारी

भिंतीवर कापड लावलंय. पेंटरसाठी डबाभर शिरा करून पाठवला.

रविवार, २६ जानेवारी

कापड काढलं.

हिरवी पैठणी. नाकात नथ. मांडीवरची मेथी गेली, हातात खराटा आला. बाई टक्क जागी आहे आणि हसतेय! वर लिहिलंय 'स्वच्छतेची माउली', खाली मंचाचं नाव. टाळ्या. कोणीतरी म्हणालं, "काकू, किती छान दिसताय!" मी हात जोडून उभी. पेंटर जवळ आला, म्हणाला, "ताई, उघडं तोंड बरं दिसंना, म्हणून मिटवलं."

त्याला काय बोलणार? त्याने माझा शिरा खाल्लाय.

ऑइलपेंटचे जाड थर आहेत. खाली कुठेतरी माझा ओजस. विजेच्या पेटीमागच्या कोपऱ्यात ती गळून पडलेली चप्पल मात्र तशीच आहे, पेंटरला दिसली नसावी. तेवढंच त्याच्या हातचं उरलं. हे मागे उभे होते, भाषणाआधीच निघून गेले. मला राग आला.

मंगळवार, २८ जानेवारी

उद्धवरावांना फोन केला. पुसून टाका म्हटलं, पांढरी करा भिंत. ते चकितच झाले. "वैनी, आता ते रीतसर हाय. परवानगी काढलीय. आता कुनी हात लावला तर गुन्हा हुतो!"

म्हणजे ओजसने काढलं ती घाण, आणि हे रीतसर.

मंडईत आता मागच्या गल्लीने जाते. रात्री ह्यांना एवढंच म्हणाले, "ती बाई मी नाही हो." ह्यांनी दिवा मालवला. दगड आहे हा माणूस.

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी ग्रुपवर कुसुमताई — "कोणा समाजकंटकाने चित्राची वाट लावली!! कॅमेऱ्यात बघा!" तशीच धावत गेले. भिंत पांढरीफटक. कोपऱ्यात ती चप्पल तेवढी ठेवलेली, तिच्या कडेकडेने जपून ब्रश फिरवलेला.

घरी आले तर हे मोरीत साबणाने हात घासत होते. नखांतला पांढरा रंग निघत नव्हता. वर न बघता म्हणाले, "ओजसचं होतं तेवढं ठेवलंय."