लंगडं टेबल

दादा,

वाटणीत पणजोबांचं शिसवी टेबल तू माझ्या गळ्यात मारलंस आणि वर हसलास, "वाकडीला लंगडं! जोडी जमली." उलट बोलते म्हणून मी घरात कायमची वाकडी. चार पिढ्या त्या टेबलाच्या एका पायाखाली लाकडी पाचर होती. तरी कुणाचं कोपर टेकलं की पाणी सांडायचं, आणि ओरडा मला बसायचा.

काल हमालांनी ते माझ्या नव्या घरात आणून ठेवलं. मी पाचर घेऊन वाकले, तर ती पायाखाली जाईचना! दाबून पाहिलं. शेवटी पदर खोचून वर चढले आणि चक्क नाचले. तसूभर हललं नाही. अरे, टेबल कधी लंगडं नव्हतंच. त्या घराची जमीनच उंचसखल आहे. भांडून स्वतःकडे ठेवलंस ना, तेच घर!

हे पत्र मी टाकणार नाही, फोनवर एवढंच सांगेन: रविवारी वहिनीला घेऊन जेवायला ये. पेले काठोकाठ भरून ठेवते, तू खुशाल दोन्ही कोपरं टेकून बस.

जाताना पाचर तेवढी घेऊन जा. तुझ्या घराला लागेल.

तुझी,
वाकडी