कचरा म्हणून काढलेले ठिपके

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली! जुन्या कागदी नकाशांचे स्कॅन आमच्याकडे येतात. स्कॅन म्हणजे नुसते ठिपके, मोठं केलं की फाटतं. मी त्यावरून सुबक रेघा करायच्या, मग नकाशा भिंतीएवढा केला तरी बिघडत नाही. धुळीचे डाग कॉम्प्युटरच पुसतो; किती लहान ठिपका कचरा समजायचा, तो आकडा आपण द्यायचा. साहेब म्हणाले, पाच ठेव आणि डोकं लावू नकोस. डोकं न लावता करायचं काम मला झकास जमतं! ताईने नवी खोली लख्ख केलीय. आईमागे तिनेच मला वाढवलं, आता तिने आराम करायचा.

६ तारीख, गुरुवार
आमच्याच गल्लीचा नकाशा आला. कोपऱ्यावर एक ठिपका, शेजारच्या अंगणात एक. दोन्ही पुसले गेले. संध्याकाळी कोपऱ्यावर चपला शिवणारे आजोबा नव्हते. ताई म्हणाली, कोण आजोबा? तिथे कधी कुणी बसतच नाही. चेष्टा करतेय म्हणून हसले. मग माझी चप्पल पाहिली. आजोबांनी मंगळवारी शिवलेला अंगठा पुन्हा तुटलेला.

७ तारीख, शुक्रवार
शेजारणीच्या दोरीवर दुपटी नाहीत. बाळाचं विचारलं तर लाजली, म्हणाली, एवढ्यात कुठलं बाळ! मी मुद्दाम केलं नाही, देवाशपथ.

१० तारीख, सोमवार
गल्लीचा उरलेला तुकडा. आमच्या खोलीत दोन ठिपके. एक ओट्यापाशी, एक माझ्या खाटेवर. साहेबांना सगळं सांगितलं. सक्तीची रजा दिली. उद्या अकराला ते स्वतः साफ करणार. उठता उठता ओट्याजवळचा ठिपका हाताने मोठा केला, पाचाहून मोठा. आधी ताई. दुसऱ्याला हात घालणार तोच त्यांनी फाइल बंद केली.

११ तारीख
सातपासून ऑफिसच्या दारात. रखवालदार सोडेना. विनवण्या केल्या, रडले. परत आले.

अकरा वाजून पाच. साहेबांना फोन – कोण बोलतंय, म्हणाले –

ताई ओट्यापाशी आहे. धडधाकट. सुटले बाई. हाक मारली – वळली नाही –

एकच ताट घेतलंय.

खाट नाही –

वहीवर वाकलीय. ही कोरी वही कुणाची, म्हणतेय – ताई, नीट बघ ना, मी लि