पंखापलीकडची काकू

आई,

मी कोण ते आधी सांगते, कारण तू विसरली असशील. जिवंत होतीस तेव्हाच मला दोनदा शहापूरच्या बाजारात विसरून आली होतीस. एकदा तर भाजीची पिशवी आठवणीनं घरी आणलीस आणि पोरीला मिरचीवालीच्या पाटीजवळ ठेवून आलीस. ती मी, तुझी थोरली. आता माझ्या डोक्यावर एक काळा केस उरलेला नाही. वाटेत भेटलीस तर तूच मला आज्जी म्हणून वाट देशील. हे पत्र मी सांगते आहे आणि माझी नात लिहिते आहे. तू मला शाळेत घातलं होतंस आणि तिसऱ्या दिवशी मी पाटी तिथंच टाकून पळून आले होते, एवढं तुझ्या नक्की लक्षात असणार, म्हणून हा खुलासा. नात मधेमधे माझी भाषा सुधारते. सुधारू दे. शिकलेल्या माणसाला काहीतरी सुधारल्याशिवाय जेवण जात नाही.

ही नात उद्यमबागेत एका कारखान्यात कॉम्प्युटरवर यंत्रांच्या भागांची चित्रं काढते आणि घरी आली की विमानं करते. जुन्या लढाईतली, दोन मजली पंखांची, कापडाचं अंग असलेली विमानं. खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची, माझ्या वितीत मावणारी. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या या टोकाला मी डाळ निवडते आणि त्या टोकाला ती चिमट्यानं पंख चिकटवते. एकदा आमटीत चाक शिजलं. लोक याला खेळ म्हणतात, पण तसं नाही. तिला प्रत्येक टाक्याला, प्रत्येक डागाला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे जुने फोटो. जगभरातली असली वेडी माणसं एकमेकांना फोटो पाठवतात आणि एका काळ्या ठिपक्यावरून महिना महिना भांडतात की हे तेल आहे का सावली आहे. आपल्या वडगावात मागावर बसून आम्ही काठाच्या एका धाग्यावरून भांडायचो, तसंच. म्हणून मला तिचं हे वेड कळतं.

गेल्या वर्षी तिला समुद्रापलीकडच्या कुणा म्हाताऱ्याकडून एक फोटो आला. त्याच्याकडं असल्या फोटोंच्या पेट्या भरलेल्या आहेत म्हणे. फोटो आपल्या सांबऱ्याच्या विमानांच्या माळावरचा, लढाईच्या वर्षांतला. विमान उभं आहे, त्याचे एका बाजूचे पंख काढलेले. पुढं लाकडी घोड्यांवर, म्हणजे टेकणांवर, त्यातला एक पंख धारेवर उभा केलाय, भिंतीसारखा. भिंतीच्या अलीकडं एक बाई बसली आहे, एक गुडघा उभा, हनुवटी गुडघ्यावर, हातात सुई. पलीकडं आणखी एक बाई आहे, पण तिचे पंखाखालून नुसते पाय दिसतात. खाली इंग्रजीत लिहिलंय म्हणे, पंखाची दुरुस्ती. विमानाची जात लिहिली आहे, बायकांची नावं नाहीत. नातीला हेच सगळं जसंच्या तसं करायचं होतं, पंख काढलेलं विमान, घोडे, बायका, आणि बंगळूरच्या प्रदर्शनात ठेवायचं होतं. चार महिने खपून काम संपत आलं, तेव्हा मला फोटो दाखवला, तो कौतुकानं. मी चष्मा पुसला, बघितलं आणि म्हटलं, "ही माझी आई."

घरात हशा. माझा मुलगा म्हणाला, "आईला परवा टीव्हीवरच्या बातम्यांतबी तिची आई दिसलीती." ते खरं आहे, दिसली होती. पण नात हसली नाही. तिला पुरावा लागतो. तिनं फोटो मोठा केला आणि उलटतपासणी सुरू केली.

"पणजीचा पदर कुठल्या खांद्यावर?"

"डाव्या. आपल्यात डावाच."

"हिचा उजव्या खांद्यावर हाय, आज्जी. कानडी घरांतल्या काही बायका उजवा घेत्यात न्हवं? तशी कोण तर असंल. आणि सुई बघ, उजव्या हातात हाय. पणजी कुठल्या हातानं शिवायची?"

इथं मी हरले. कारण तू डावरी होतीस, आई. आणि तुझा एकसुद्धा फोटो आमच्याकडं नाही. होती ती एवढीशी बाई, अंगठ्याच्या नखाएवढं तोंड, आणि तीही पोरीनं माझ्या हातातून काढून घेतली. मी म्हटलं, "मग नसंल." दोन दिवस मी डाळ निवडली, पण त्या टोकाला बघितलं नाही.

तू डावरी आहेस हे मी एकदाच बघितलं होतं. घरी तू सगळं उजव्या हातानं करायचीस. लहानपणी हातावर चटके देऊन तुझी सवय मोडली, असं तुझी सासू अभिमानानं सांगायची, जणू चटके तिनंच दिले होते. उजव्या हातानं तू थापलेली भाकरी म्हणजे एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला फाटलेली. सासू ती सगळ्यांना उचलून दाखवायची. मग लढाई आली, सूत मिळेना, माग बंद पडले, आणि वडगावातल्या काही बायका लॉरीतून सांबऱ्याला जायला लागल्या. विमानाचं कापड फाटायचं, ते शिवायला शिवण्यात पक्की बोटं लागायची. तू आणि समोरच्या घरातली काकू, दोघी एकाच लॉरीत.

खंडेनवमीला पोरांना घेऊन या म्हणाला तुमचा मिस्त्री, म्हणून मी आलते. सुया, कात्र्या मांडून पूजा झाली, विमानाच्या नाकाला झेंडूची माळ घातली. पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नसतो, पण लढाईला कुठली खंडेनवमी? लगेच कामाला बसलात. पंख मधे उभा. तू अलीकडं, काकू पलीकडं. तू सुई खुपसायचीस, ती पलीकडून ओढून घ्यायची आणि परत पाठवायची. एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं, पण तोंडं बंद नव्हती. ती पलीकडून काहीतरी म्हणायची आणि तू पंखाकडं बघून हसायचीस. आणि सुई तुझ्या डाव्या हातात. काय तो हात, आई! घरी जो हात मांडीखाली दडवून बसायचीस, तो तिथं पाखरासारखा चालला होता. मिस्त्री मला म्हणाला, "तुझी आई सोन्याची हाय बघ. समोर उजवी बसली की हिचा हात बरोबर तिच्या हातासमोर येतोय. दोन उजव्या बसवल्या की टाका तिरका जातो."

मी तुझ्या कानात विचारलं, "आई, डाव्या हातानं चालतंय?" तू दाताखालचा दोरा सोडलास आणि म्हणालीस, "हात कुठला का असंना. टाका सरळ पायजे."

हे एक वाक्य मी आयुष्यभर वापरलं. सुनेला सांगितलं, मागावरच्या पोरींना सांगितलं, नवरा गेल्यावर स्वतःला सांगितलं. तुझे उपकार मानायला बसले तर यादी मोठी होईल आणि नातीचा हात दुखेल. त्या दिवशी तू मला पंखाच्या कापडाचा तुकडा आणून परकर शिवलास, तोही त्यात आला. "आपण सुताला खळ लावतो, तशी इमानालाबी लावत्यात," म्हणाली होतीस. त्या खळीला पिकलेल्या केळ्याचा वास यायचा. परकर इतका ताठ की मी खाली बसले तरी तो उभाच राहायचा. अख्ख्या गल्लीत विमान नेसलेली मी एकटीच.

असो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आरशासमोर केस विंचरत होते आणि हात थांबला. मागावर काठाची नक्षी विणताना वर दिसते ती उलटी बाजू असते. सुलट बघायची तर मागाखाली आरसा सरकवायचा. चाळीस वर्षं मी ते केलं, आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही. तोच आरसा घेऊन मी नातीच्या कॉम्प्युटरसमोर धरला. आरशात पदर डाव्या खांद्यावर आला. सुई डाव्या हातात आली. तू आलीस.

"अगं, तू कापडाची उलटी बाजू बघाय लागलीस," मी म्हटलं.

"आज्जी, आरशात कुणीबी डावरं दिसतंय," ती म्हणाली. "आणि फोटो उलटा न्हाय. विमानाच्या अंगावर अक्षर हाय बघ. बाकीचं बाईच्या डोक्याआड गेलंय, पण हे एक सरळ दिसतंय. उलटं असतं तर सगळ्यांना कळलं नसतं व्हय?"

"कसलं अक्षर?"

तिनं माझ्या तळहातावर काढून दाखवलं. दोन तिरक्या काठ्या वर टेकलेल्या, मधे एक आडवी. मी म्हटलं, "ही तर तिकाटी हाय. इकडनं बघ न्हायतर तिकडनं बघ, तिकाटीच!"

पोरीनं आरसा हातात घेतला, अक्षराला लावला. मग तिनं ते चित्र इतकं मोठं केलं की विमानाच्या अंगावरचे टाके दिसायला लागले. राहिलेल्या पंखांच्या मधल्या दांडीवर एक बारीक रेघ होती. तिला सगळे फोटोवरचा ओरखडा समजत होते. "ओरखड्याला सावली नसती," ती पुटपुटली. ती वाऱ्याचा वेग मोजायची नळी निघाली. बाकीच्या प्रत्येक फोटोत ती नळी विमानाच्या डाव्या अंगाला होती, आणि याच एका फोटोत उजव्या. फोटो छापतानाच कुणीतरी निगेटिव्ह उलटी ठेवली होती. शिकलेल्यांनी अक्षर वाचलं आणि फसले. मला अक्षर येत नाही, म्हणून मी हात बघितला. हे नात लिहायला तयार नव्हती, मी लिहायला लावलं. आणि विमानाच्या नाकावरचे काळे डाग, ज्यांना ती तेल समजून रंगवून बसली होती, ती झेंडूची माळ आहे, हेही मीच सांगितलं. म्हणजे तो फोटो त्याच खंडेनवमीचा. म्हणजे मी तिथंच कुठंतरी उभी असणार, फोटोच्या जरा बाहेर. बघ, तिथंही मला विसरलीसच.

पोरीनं चार महिन्यांचं काम उचकटलं. ज्या बाजूचे पंख काढले होते ते परत बसवले, दुसऱ्या बाजूचे काढले. तोंडानं मला शिव्या देत होती आणि डोळे पुसत होती. झेंडू मात्र फार सुंदर केला, मोहरीएवढा. त्या परदेशी म्हाताऱ्याला सगळं कळवलं. त्यानं त्याच्याकडचं चित्र सुलट केलं आणि विचारलं, या बाईचं नाव काय? खाली लिहायचं आहे. मी सांगितलं. नातीनं ते पडद्यावर दाखवलं, मी त्यावरून बोट फिरवलं. मग त्यानं विचारलं, पलीकडं कोण आहे, ज्यांचे पाय दिसतात? मी काकूचं नाव सांगितलं. आणि म्हणूनच हे पत्र, आई.

त्या खंडेनवमीच्या संध्याकाळी घरी आल्यावर तुझ्या सासूनं मला गुळाचा खडा दिला आणि विचारलं, काय काय बघितलंस? मी सगळं सांगितलं. डावा हातसुद्धा. मला वाटलं, तिलाही कौतुक वाटेल. तिनं घर डोक्यावर घेतलं. दसऱ्याच्या नैवेद्याला तुला हात लावू दिला नाही. तू विचारलंस, "कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "ज्यानं बघितलं त्यानं." मी दाराआड होते. तोंडात गूळ होता. तुला वाटलं, तिथलं बघून सासूला सांगणारी दुसरी कोण, काकूच. लढाई संपेपर्यंत तुम्ही त्याच पंखाच्या दोन बाजूंना बसलात, सुई इकडून तिकडं जात राहिली, आणि तू तिच्याशी एक शब्द बोलली नाहीस. मिस्त्री म्हणायचा, या दोघींचा टाका सगळ्यात सरळ. तू गेलीस तेव्हा पहिली तीच धावत आली होती. तू का बोलत नव्हतीस, हे तिनंही मला कधी विचारलं नाही.

चुगली मी केली होती, आई. काकूनं नाही.

नात विचारते, पाकिटावर पत्ता काय घालू? म्हटलं, पाकीट नको, विमानाच्या खोक्यात ठेव. एवढं पोचलं तरी पुष्कळ. तू मात्र आता उठ आणि काकूशी बोल. ती तिकडं येऊन बरीच वर्षं झाली, समोरच कुठंतरी असेल. आणि तिकडून काही पाठवायचंच असलं तर जोंधळ्याची एक भाकरी पाठव, वर शेंगाची चटणी, तेलाला हात आखडू नको. अर्धी काकूला दे. पण थापताना डाव्या हातानं थाप. त्या हाताची मी कधी खाल्लीच नाही.