गायरानाची पाळी अन् बर्फाचा समुद्र

४ फेब्रुवारी
नातीनं, सोनूनं, वही आणून दिली. म्हणली, आजी, रोज चार ओळी लिही. चौथीच शिकले, पण लिहिते. पोरगी नांदेडात वकिली शिकली, आता समुद्राचा कायदा शिकून राहिली. गोदावरीत पाय घालायला भेती अन् समुद्र! तो बी पार उत्तरेचा, बर्फाचा. त्याचा मधला भाग कोण्याच देशाचा न्हाई म्हणं. मी म्हणलं, मग गायरानच की. लई हसली. माझा पापा घेतला.

७ फेब्रु.
अकरा तारखेला सोनूची कंप्यूटरवर मुलाखत. निवडली तर दोन वर्षं परदेशी शिकायला. रोज मला समोर बसवून बोलून पाहती. बर्फ वितळून राहिला, जहाजं आत जातील. म्हणून काही देशांनी ठरवलं, मासे किती हाईत ते कळंपर्यंत तिथं धंद्यासाठी जाळं टाकायचं न्हाई. शहाणे हाईत. आमच्या गावात, कंधारकडं, गवताचं बी पडंपर्यंत गायरान बंदच असायचं. ह्या नादात शेपूची भाजी करपली. सूनबाईनं दुसरी भाजी टाकली, चांगली हाय बिचारी.

९ फेब्रु.
सोनू रडकुंडीला आली. "आजी, ते हेच विचारतील, एवढ्या लांब राखायचं कोणी?" मी म्हणलं, आमच्यात गायरान राखायला घरागणिक पाळी होती. "मग कोणी चोरी केलीच न्हाई?"
आता काय सांगावं. केली. मीच. आमच्या पाळीला दोन पेंढ्या गवत कापलं, म्हशीच्या वगारीसाठी. राखणारी मीच, धरणार कोण? ह्यांना बी तवा सांगितलं न्हाई.
"आजी, तू चोट्टी!"
पण सासूबाईंनी वगारीपुढचं गवत ओळखलं. स्वतः जाऊन पंचांना सांगितलं. तवापासून पाळीवर दोन घरं, ती बी एकमेकांशी न पटणारी. सोनूनं लिहून घेतलं.

११ फेब्रु.
मुलाखत झाली. मी दाराआड. इंग्रजी कळलं न्हाई, पण मधीच "आजी" ऐकलं, अन् तिकडची बाई खो खो हसली. बाहेर आल्यावर विचारलं, चोरीचं सांगितलंस व्हय गं?
"मग! म्हणलं, न पटणाऱ्या दोन देशांची माणसं एकाच जहाजावर राखणीला बसवा."
बया! साता समुद्रापार माझी अब्रू. पण सासूबाई असत्या तर...

१९ फेब्रु.
निकाल न्हाई. कारळाची चटणी कुटली. निवडली तर नेईल, न्हाई तर इथंच खाईल. देवापुढं हात जोडले, पण नेमकं काय मागावं ते सुचंना, तशीच उठले.
आत्ता तिचा फोन वाजला. गच्चीवर पळाली. गुडघे चढू देत न्हाईत, म्हणून लिहीत बसले. वरून आवाज येतोय. हसून राहिली का रडून, इथून काही कळंना.